मांडीवर इंजिनाचं हेड

आमच्या वाचनालयाचा हस्तलिखित अंक निघतो. त्यात दरसाल कुणीतरी प्रवासाचं लिहितं. कुणी बद्रीनाथला गेलेला असतो, कुणी कन्याकुमारीला. यंदा अंक काढणारे मास्तर माझ्याकडे आले आणि म्हणाले, आबा, तुम्ही लिहा. मी म्हटलं, मी चौथी शिकलेला माणूस, आणि गेलो तर कुठं, धुळ्याला. ते म्हणाले, तेच लिहा, गावात सगळे वेगवेगळं सांगतात. हे मात्र खरं. म्हणून लिहितो. फैजपूर ते धुळे रस्ता साडेतीन तासांचा. मला जाऊन यायला तीन दिवस लागले, आणि अजून अंग दुखतंय.

निघायच्या आधी

माझी थोरली बहीण धुळ्याला दिलेली. आम्ही सगळे तिला अक्का म्हणतो. वय पंच्याहत्तरच्या पुढं, पण आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी येणं तिनं अजून सोडलेलं नाही. आखाजी झाली, मांडे आणि आमरस खाऊन झाला, आता तिला पोचवायचं होतं. पूर्वी एस.टी.नं पोचवायचो. यंदा माझ्या मुलानं, विलासनं, गाडी घेतली होती. ती छोटी पांढरी, जपानी इंजिनाची. कुणाची तरी वापरलेली.

इंजिनाबद्दल सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. आठशे सीसीला चार कमी. पिस्टन तीन. म्हणून उभी असताना गाडी जरा थरथरते; लोकांना वाटतं बिघाड आहे, पण तो तिचा स्वभाव आहे. ताकद म्हणाल तर एकोणचाळीस घोडे. माझ्या विहिरीवर पाच घोड्यांचं ऑइल इंजिन आहे, ते हलवायला सहा गडी लागतात. हे एकोणचाळीस घोड्यांचं इंजिन दोन माणसं उचलून बाजूला ठेवतात. मी ते पाहिलं तेव्हाच मला ते आवडलं नव्हतं. वजन नाही त्या वस्तूचा भरवसा काय धरायचा? पाणी सगळं मिळून साडेतीन-चार लिटर. पंखा विजेवर, आपोआप लागतो, आपोआप बंद होतो.

विलासनं बजावून ठेवलं होतं, रेडिएटरात फक्त ते हिरवं पाणी टाकायचं, कूलंट. पुस्तकात तसं लिहिलंय. मी म्हटलं, पुस्तक जपानचं आहे, ऊन फैजपूरचं आहे. पन्नास वर्षं मी इंजिनाला विहिरीचं पाणी पाजलं, एकदाही बोंबललं नाही. विलास गावात नसला की मी कूलंट काढून विहिरीचं पाणी भरायचो. आता आमच्या पाण्यात क्षार फार. ठिबकच्या नळ्या दोन महिन्यांत पांढऱ्या होतात, छिद्रं बुजतात. मग आम्ही केळीवाले काय करतो, नळ्यांत ॲसिड सोडतो. रात्रभर तसंच ठेवायचं, सकाळी नळ्यांची टोकं उघडून पाणी सोडायचं. चुना धुऊन निघतो. हे आमच्याकडे शाळेतल्या पोरालाही माहीत आहे.

तेच मी गाडीला केलं. एका मापाला नऊ मापं पाणी, ठिबकचं माप. दोनदा आधी केलं होतं. निघायच्या आदल्या संध्याकाळी तिसऱ्यांदा केलं, रात्रभर ठेवलं.

ॲसिडचा कॅन सुपडूनं आणून दिला. सुपडू म्हणजे विलासनं ठेवलेला ड्रायव्हर. चाळिशीचा माणूस. पंधरा वर्षं केळीचा ट्रक दिल्लीला नेला. महिन्यातले पाच दिवस घरी. बायको म्हणाली, आता पुरे, पोरी तुम्हाला पाहुणा समजतात. म्हणून ट्रक सोडून आमच्याकडे आला होता, चार महिने झाले होते.

कॅन देताना तो म्हणाला, "आबा, भाऊनं सांगेल हाये, गाडीले हात लावू नका."

"भाऊचा बाप कोन आहे?"

"तुमी."

"मग आन इकडं."

फैजपूर ते नशिराबाद

सकाळी सहाला निघालो. सुपडूनं ॲसिडचं पाणी सोडून दिलं, दोनदा धुतलं, साधं पाणी भरलं. अक्का मागच्या सीटवर, तिच्या पायाशी बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा, डबा, कैऱ्यांची पिशवी आणि केळीची फणी. मी पुढं. माणसानं पुढं बसावं.

तापीचा पूल ओलांडेपर्यंत गार वारा होता. वैशाखात तो वारा सात वाजेपर्यंतच. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, पानं अजून फाटलेली नव्हती. भुसावळ गेलं. मागून अक्काच्या मुसमुसण्याचा आवाज येत होता; माहेर सोडताना ती अजूनही रडते. मी मागं बघितलं नाही.

नशिराबादच्या अलीकडे सुपडू म्हणाला, "काटा वर चालला, आबा. थांबू का?"

थांबलो. पंखा फिरत होता. रेडिएटरच्या खाली चिखलासारखं पांढरं काहीतरी ठिबकत होतं. मी म्हटलं, बघ, कचरा सुटतोय, चांगलं आहे. अर्धा तास थंड होऊ दिलं, पाणी भरलं. अक्का खिडकीतून मला म्हणाली, "मुरल्या, हाई गाडी शे का चूल शे?"

पन्नास-पंचावन्न वर्षं धुळ्याकडे राहून तिची बोली पार तिकडची झाली आहे. आमच्याकडे "आहे"ला कुणी "शे" म्हणत नाही. लग्न होऊन गेली तेव्हा ती आमच्यासारखंच बोलायची.

सुपडूचं म्हणणं, जळगावात एखाद्या मिस्तरीला दाखवू. मी म्हटलं, मी असताना मिस्तरी कशाला? त्यानं गाडी पुढं काढली. पिंप्राळ्याजवळ रिक्षा आणि स्कूटरच्या गर्दीत अडकलो तेव्हा काटा पुन्हा वर गेला. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी समोर पाहत राहिलो. मोकळा रस्ता लागल्यावर काटा खाली आला, आणि मी त्याला म्हटलं, बघ.

पारोळ्याच्या अलीकडे

एरंडोल गेल्यावर उन्हाचा कडाका सुरू झाला. ज्यांनी तो रस्ता पाहिला नाही त्यांना सांगतो, आमच्या बाजूला केळीची हिरवळ डोळ्याला असते, तिकडे कोरडवाहू. कपाशीची उपटलेली पऱ्हाटी, काळी भेगाळलेली जमीन, मधे एखादा निंब. सावलीला जागा नाही.

पारोळा पाचेक किलोमीटर राहिलं असेल. गाडीनं एकदम दम टाकला. मागून पांढरा धूर. सुपडूनं लगेच बंद केली. ऑइलची काडी काढून पाहिली तर ऑइलचा रंग दुधाच्या चहासारखा. एवढं मलाही कळलं, पाणी ऑइलमधे गेलं होतं.

एका ट्रॅक्टरवाल्यानं दोर बांधून ओढत नेलं. अक्का गाडीतच बसली, उतरायला तयार नाही. ती म्हणाली, लग्नाची वरात अशीच हळू निघाली होती.

गॅरेज म्हणजे रस्त्याकडेला पत्र्याचं छप्पर. मिस्तरीचं नाव गुलाब. हाताला काळं, दाढीला पांढरं. त्यानं काही न विचारता आधी अक्काला खाटेवर बसवलं, माठातलं पाणी दिलं. त्याच्या घरून शेवभाजी आणि भाकरी आली. आमच्याकडे पाहुण्याला वरण-बट्टी करतात, तासभर लागतो. ही भाजी दहा मिनिटांत आली आणि अशी तिखट की अक्का सोडून आम्हा दोघांच्या डोळ्यांतून पाणी आलं. अक्का हसली, त्या दिवशी पहिल्यांदा.

दुपारी गुलाबनं हेड उघडलं. हेड म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण समजा. त्यातच वाल्व असतात आणि पाणी फिरायच्या वाटा असतात. मधलं गॅस्केट दोन आणि तीन नंबरच्या पिस्टनमधे जळालेलं होतं. त्यानं हेड उलटं करून माझ्यासमोर धरलं. पाण्याच्या भोकांच्या कडा उंदरानं कुरतडल्यासारख्या झाल्या होत्या.

"आबा, हाई दखा. हाई ॲसिडनी खादेल शे. पानीमा कोन्ही काय टाकं?"

मी म्हटलं, ॲसिड लोखंड नाही खात एवढ्यात.

"लोखंड कोठे शे? हाई ॲल्युमिनियम शे, बिडनं नही."

माझं ऑइल इंजिन बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं. बीड दम काढतं. खोटं कशाला सांगू, या इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमचं असतं हे मला माहीत नव्हतं. हलकं आहे हे दिसत होतं. का हलकं आहे हे मी चार महिन्यांत कुणाला विचारलं नाही. आणि सुटलेल्या चुन्यानं रेडिएटरच्या बारीक नळ्या बुजल्या होत्या, त्यामुळे तापत होतं. जो चुना काढायला गेलो तोच पुढं जाऊन अडकला.

सुपडू माझ्या मागं उभा होता. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. मी म्हटलं, "काय करायचं ते कर, मिस्तरी," आणि खाटेवर जाऊन बसलो.

शेजारीच टेलिफोनचा बूथ होता. गुलाबनं विलासला त्याच्या फैजपूरच्या दुकानात फोन लावून सांगितलं, हेड ॲसिडनं खाल्लंय. मग विलासनं सुपडूला फोनवर बोलावलं. काच होती, पण दार उघडं होतं. मला ऐकू येत होतं.

"हो, भाऊ... नही, भाऊ... मी काय सांगू, भाऊ... हो. बरं."

एवढंच. बाहेर येऊन तो माझ्याजवळ उभा राहिला.

"भाऊ परवा येऊन ऱ्हायले. म्हने, ट्रकवाले पान्यात कायबी टाकतात, तुले सांगूनबी अक्कल नही. गाडी तयार झाली की चावी द्यायची आन घरी बसायचं."

मी म्हणायला हवं होतं तेव्हा. बूथ चार पावलांवर होता. मी म्हटलं, "बघू." बस्स, एवढंच म्हटलं.

धुळे

हेड पारोळ्यात दुरुस्त होत नव्हतं. खड्डे वेल्डिंगनं भरायचे, मग मशीनवर सपाट करायचं, ते काम धुळ्याला. गुलाबनं हेड गोणपाटात बांधलं आणि संध्याकाळच्या एस.टी.त आम्ही तिघं चढलो, तो, अक्का आणि मी. सुपडू गाडी राखायला थांबला. गाडीचं पोट उघडं टाकून कसं जायचं?

बसमधे गर्दी. गुलाब उभा. मी हेड मांडीवर घेतलं. गाडीत असताना मला ते हलकं वाटत होतं. पारोळा ते धुळे, एक तासाच्या वर, मांड्या बधिर झाल्या. धोतराला ऑइल लागलं. शेजारच्या बाईनं विचारलं, बाबा, काय आहे? मी म्हटलं, इंजिनाचं हेड. ती म्हणाली, कुणी बिघडवलं? तिला काय कारण विचारायचं? मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. फागण्याच्या पुढं अंधारून आलं.

अक्काच्या घरी हात-पाय धुतले. तिच्या सुनेनं कळण्याची भाकरी आणि ठेचा वाढला. अक्का समोर बसली.

"तो जेवना का?" तिनं विचारलं.

"कोण?"

"तुन्हा ड्रायव्हर."

मी म्हटलं, जेवला असेल, गुलाबच्या घरून देतील.

तिनं आणखी एक भाकरी माझ्या ताटात ठेवली. मग म्हणाली, "ॲसिडना डबा ओट्यावर मीनी दखा व्हता. सुपडू काब्र बोलना नही?"

तो का बोलला नाही, ते न सांगता मी हात धुवायला उठलो. ती माझ्या मागं आली नाही. लहानपणी मी विहिरीत कळशी पाडली आणि मार तिनं खाल्ला, तेव्हाही तिनं असंच एकदा विचारलं होतं.

दुसरा दिवस सगळा वेल्डिंगच्या दुकानात गेला. बाकावर बसून मी पाहत होतो. खड्डा भरायचा, थंड करायचा, पुन्हा भरायचा. मग मशीनवर एक पातळ थर उतरवला. काच ठेवून, काचेखाली कागद सरकतो का पाहायचं. कागद सरकला तर अजून वाकडं आहे. चारदा सरकला. पाचव्यांदा सरकला नाही. हे काम मला आवडलं. कुणी कुणाला शिव्या देत नव्हतं, जो वाकडेपणा असेल तो कागद सांगत होता. पण मी थकलो होतो, आणि दुपारी बसल्या बसल्या डुलकी लागली.

अक्काचा निरोप घेताना नेहमी ती मला पुढच्या आखाजीचं विचारते. यंदा विचारलं नाही. म्हणाली, "जाय."

पुन्हा पारोळा

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पोचलो तेव्हा विलास आधीच आला होता. सुपडू गाडीपासून दूर, निंबाखाली. त्याच्या हातात त्याची पिशवी तयार.

गुलाबनं हेड बसवायला घेतलं. बोल्ट मधून बाहेर असे कसायचे, तीन फेऱ्यांत, एकदम नाही. मग टायमिंगचा रबरी पट्टा, त्याच्या खुणा जुळल्या पाहिजेत. वाल्वची फट कागदाइतकी. रेडिएटरच्या नळ्या साफ केल्या, ऑइल बदललं. विलास बाजूला उभा राहून पाहत होता. मी त्याच्याजवळ गेलो.

"विलास, ॲसिड मी टाकलं."

त्यानं माझ्याकडे पाहिलंही नाही. "आबा, तुम्ही यात पडू नका."

"मी टाकलं म्हणतो ना."

"त्यानं पाय धरले का तुमचे? की त्याच्या पोरींची दया आली? दोन दिवस बोलला नाहीत, आणि आज सांगताय."

"मी खोटं बोलेन?"

आता तो वळला. "आबा, मी चाळीस वर्षांचा झालो. तुमच्या तोंडून 'माझं चुकलं' हे मी एकदाही ऐकलेलं नाही. बांध चुकला तेव्हा मोजणीवाला चुकला होता. आईचं दुखणं तुम्ही पित्त म्हणालात, तेव्हा डॉक्टर चुकला होता. आज एकदम ड्रायव्हरसाठी तुम्ही चुकला? कसं खरं मानू?"

गुलाबचा पाना थांबला होता. आयुष्यभर मी बरोबर आहे हे पटवायला भांडलो. त्या दिवशी भर उन्हात माझी चूक माझीच आहे हे पटवायला भांडावं लागलं, आणि समोरचा ऐकेना.

मी म्हटलं, "एकाला नऊ. रात्रभर. सकाळी दोनदा धुतलं. दोन महिन्यांतून एकदा, तीन वेळा. तुझं कूलंट मी गोठ्यात काढून ठेवायचो, निळ्या घमेल्यात, गोवऱ्यांच्या मागं. जाऊन बघ, अजून आहे."

विलासनं 'एकाला नऊ' स्वतःशीच म्हटलं. एकाला नऊ हे ट्रकवाल्याचं माप नाही. ते आमच्या शेताचं माप आहे, मीच त्याला शिकवलं होतं.

तो निंबाकडे वळून म्हणाला, "सुपडू, तू फोनवर का सांगितलं नाही?"

"ते तुमचे वडील हायेत, भाऊ," सुपडू म्हणाला. "मले वाटलं, तेच सांगतीन."

विलासनं चावी त्याच्याकडे धरली. सुपडूनं घेतली, पण घाई केली नाही. पिशवी मागच्या डिकीत ठेवली, आणि मी पुढच्या दाराकडे गेलो तर म्हणाला, "आबा, पुढं भाऊ बसतीन." मी मागं बसलो.

फैजपूर

गाडी सुरेख चालली. त्यात लिहिण्यासारखं काही नाही. तापीचा पूल आला तेव्हा सुपडू आरशातून माझ्याकडे पाहत म्हणाला, "आबा, भाऊले समजलं, ते झालं. गावात काय?"

विलासनं मान खाली घातली. त्यानं दोन दिवसांपूर्वी दुकानात चार लोकांसमोर सांगितलं होतं, ड्रायव्हरनं इंजिन खाल्लं. दुकानात बोललेलं आमच्याकडे संध्याकाळपर्यंत घरोघर पोचतं.

मी म्हटलं, "आधी तुझ्या घरी घे."

त्याचं घर केळीच्या गोदामामागच्या वस्तीत. इतक्या वर्षांत मी त्या गल्लीत पाय ठेवला नव्हता. माणूस हवा असला की आम्ही निरोप पाठवतो. दार ठेंगणं, वाकून आत गेलो. त्याची बायको मंगला पीठ मळत होती. मी उभ्यानंच सांगितलं, ॲसिड मी टाकलं, सुपडूनं नाही, माझं चुकलं. हे तीन शब्द तोंडातून निघायला सोपे नाहीत. ज्यांनी कधी म्हटले नाहीत त्यांनी म्हणून बघावे.

तिनं पिठाचे हात पुसले नाहीत. म्हणाली, "मले काय सांगता, आबा? मले त माहीतच व्हतं, हे असं काम करनार नहीत. गिरनीवर सांगा. तिथं बाया मले इचारून ऱ्हायल्या, तुझा नवरा किती दिस टिकला म्हने."

गिरणी चालू होती. आवाजात ऐकू जाईना, म्हणून मालकानं पट्टा उतरवला. सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. मी पुन्हा सांगितलं. एक म्हातारी म्हणाली, मोठ्यानं सांग. मी मोठ्यानं सांगितलं.

तिथून न्हाव्याचं दुकान. उन्हं कलली होती. पाय उचलत नव्हते, धोतर ऑइलनं कडक झालं होतं. आत चार जण. एकाच्या तोंडाला साबण होता. मी दारात उभा राहून तेच सांगितलं. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. न्हावी खुर्ची पुसत म्हणाला, "आबा, बसा. पानी घ्या. दमले तुम्ही."

मी बाहेर सुपडूकडे पाहिलं. त्यानं नुसती मान हलवली, गोदामाच्या दिशेनं. तिथं हमालांची सुट्टी व्हायची होती, पंधरा-वीस माणसं असणार.

मी न्हाव्याला म्हटलं, "बसतो नंतर, अजून गोदाम राहिलंय."

सुपडू पुढं निघाला. मी त्याच्या मागं चालायला लागलो.